निळा गुणफलक

वॉटर पोलो महासंघाचा माणूस फेरीबोटीतून उतरला तो थेट तलावाशी आला, आणि कॉफीला नको म्हणाला. ब्रगुलमध्ये पाऊल ठेवून पहिल्याच कॉफीला नको म्हणणारा माणूस चांगली बातमी घेऊन येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. याग्लिकाला तर ते धक्क्यावरून येणाऱ्या त्याच्या बुटांवरूनच कळलं होतं. ऐन जुलैत, समुद्रावर, काळे कुळकुळीत बूट.

लाबुद त्याचं नाव. तो पंचांच्या टेबलाशी उभा राहिला, तलावाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "तक्रार आली आहे. तुमचा गुणफलक बंद आहे."

"कोणाची तक्रार?" याग्लिकाने विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

लाबुदने ते सांगायची गरजच नव्हती. तलावाच्या पलीकडच्या भिंतीला ल्यूबेशच्या श्पीरोची बोट सकाळपासून बांधलेली होती. श्पीरो ल्यूबेशच्या क्लबाचा अध्यक्ष. बोटीच्या कडेला बसून, पाय पाण्यात सोडून, तो कलिंगड खात होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"नियम साधा आहे," लाबुद म्हणाला. "फलक नाही तर अंतिम सामना नाही. मी संध्याकाळच्या फेरीने परत जाणार. तोवर फलक चालू झाला तर सामना इथे. नाही झाला तर ल्यूबेशला."

आता ब्रगुल आणि ल्यूबेश ही दोन गावं खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर, आणि दोघांमध्ये वॉटर पोलोवरून जे काही चालतं ते सांगायला बसलं तर उन्हाळा पुरायचा नाही. एवढंच सांगतो, की ल्यूबेशला अंतिम सामना कितीदा तरी झाला होता आणि ब्रगुलला एकदाही नाही. यंदा पोरांनी जीव तोडून गुणतक्त्यात पहिला नंबर काढला होता, आणि पहिल्याच्या घरी अंतिम सामना होतो. इथला तलाव म्हणजे समुद्रच, तीन बाजूंनी भिंत घालून अडवलेला. ती भिंत ज्यांनी बोटीतून दगड आणून घातली, त्यांच्यातला आता एकच माणूस उरला होता, बार्बा त्रिपो. तो सगळ्या गावाचाच बार्बा, म्हणजे काका. "इथे फायनल बघितल्याशिवाय मी मरत नाही," अशी धमकी तो गावाला कैक वर्षं देत आला होता. त्याच्या सुनेच्या मते त्याच्या तब्येतीचं गुपितही तेच होतं. आत्तासुद्धा तो पलीकडच्या भिंतीवर, फलकाखाली, खुर्ची टाकून बसला होता. फलक नुसता चकाकत होता. मे महिन्यात सगळं गाव आपापल्या बोटी रंगवतं, आणि डब्यात उरलेला रंग मग बाकांना, खांबांना, जे हलत नाही त्या सगळ्याला लागतो. फलक बार्बाने स्वतः रंगवला होता, बोटीच्या निळ्या रंगाने, दोन हात देऊन.

"वासो," याग्लिका दबक्या आवाजात म्हणाली, "हे तू मला काल सांगितलंस. फलकाचा संगणक मेला कधी?"

वासो तिच्या बहिणीचा मुलगा, क्लबाचा सचिव, तिला तेता म्हणजे मावशी म्हणणारा. त्याने मान खाजवली. "हिवाळ्यात, तेता. दक्षिणेचा वारा सुटला, लाटा कोठीत शिरल्या. पार गंजून गेला."

"आणि आता जुलै आहे."

"म्हटलं, वेळ आहे अजून."

ब्रगुलमध्ये हे वाक्य सगळेच बोलतात. याग्लिकाने स्वतःही आयुष्यात अनेकदा म्हटलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला.

खरी पंचाईत फलकाची नव्हतीच, पंचाईत प्रोग्रॅमची होती. तो प्रोग्रॅम याग्लिकाने लिहिला होता, पंचविशीत, देशावर निर्बंध होते आणि दुकानात साखर मिळायची मारामार होती त्या दिवसांत. फलक गोदीतल्या जुन्या दिव्यांचा, खाली भोंगा एका मोडीत निघालेल्या ओढबोटीचा, आणि दोघांना हुकूम सोडणारा हा प्रोग्रॅम. संगणकाच्या मागच्या सिरियल पोर्टातून केबल निघायची, तलावाला वळसा घालून फलकाला जाऊन भिडायची. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. नवा फलक घ्यायचा विषय निघाला की गाव म्हणायचं, याग्लिकाचा आहे की. आणि याग्लिका वरवर कुरकुरायची, पण आतून तिची छाती फुगायची. पोटचं पोर तिला नव्हतं. हा प्रोग्रॅम होता.

प्रोग्रॅमची जपून ठेवलेली प्रत तिने नव्या लॅपटॉपवर घेतली होती, पण त्याला सिरियल पोर्टच नव्हतं. यूएसबीला लावायचं एक अडॅप्टरचं शेपूट वासोने गावातून आणलं होतं, त्याला लॅपटॉपने आपल्या मर्जीने नाव दिलं, कॉम सात. आणि याग्लिकाच्या प्रोग्रॅमला जगात एकच दार माहीत, कॉम एक. बरं, जुन्या काळचा प्रोग्रॅम म्हणजे जुन्या काळचा शेजारी. दार वाजवणं, विचारणं, थांबणं त्याला ठाऊक नाही, तो मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात. पोर्टाच्या पत्त्यावर तो थेट जाऊन बसायचा. नव्या संगणकात प्रत्येक दारावर पहारेकरी. त्याने आगंतुकाला उंबऱ्यावरच अडवलं.

"मग आता?" वासोने विचारलं.

"आता सोंग," याग्लिका म्हणाली.

जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्रॅम तिने रात्रीच उतरवून घेतला होता. त्याच्या पोटात बसलं की जुन्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण अजून त्याच काळात आहोत, आईबाप जिवंत आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त त्या सोंगाला एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. आतून कोणी कॉम एकचं दार ठोठावलं, तर बाहेर कॉम सातचं दार उघड. तिने ती ओळ लिहिली. घाईघाईत सोंगाचा वेगही सगळ्यात जास्त करून टाकला, लाबुद मागे उभा राहून घड्याळ बघत होता म्हणून. आणि प्रोग्रॅम चालवला.

पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं उमटली, 'शून्याने भागाकार', आणि खेळ खलास.

पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

पाण्यावरून आवाज फार छान जातो. वासोने "शून्याने भागाकार?" असं मोठ्याने वाचलं मात्र, पलीकडून श्पीरोचा आवाज आला, "अगं याग्लिका, तुमच्या पोरांचे गोल मोजायला बसली असशील, शून्य येणारच!"

तलावाभोवती जमलेली माणसं हसली. ब्रगुलचीसुद्धा हसली, आणि तेच तिला झोंबलं. कानशिलं तापली. आपण आता म्हाताऱ्या झालो, हा प्रोग्रॅमही म्हातारा झाला, आणि दोघांची शोभा भर गर्दीत व्हायची होती तर हीच जागा सापडली, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"तो शेपटाचा माल हलका दिसतोय," वासो म्हणाला. "मी जाऊन दुसरं आणू का?"

"गप बस जरा."

तिने डोळे मिटले. शून्याने भागाकार. तिने तर असा भागाकार कुठे लिहिलाच नव्हता. होता एकच, अगदी सुरुवातीला. प्रोग्रॅम जागा झाला की आधी संगणकाची नाडी बघायचा. घड्याळाच्या एका ठोक्यात आकडे कितीपर्यंत मोजून होतात ते पाहायचा आणि त्यावरून ठरवायचा, एक सेकंद म्हणजे नेमकं किती थांबायचं. त्या काळच्या संगणकाला धाप लागायची. हा नवा पठ्ठ्या त्या एका ठोक्यात इतकं मोजून बसत होता, की उत्तर ठेवायला जागाच पुरत नव्हती, भांडं ओसंडून वाहत होतं. आणि बिचारा प्रोग्रॅम, दुसरं काही सुचेना म्हणून, शून्याच्या नावाने बोंब मारून आडवा होत होता.

याग्लिका हसायला लागली. वासोला वाटलं, तिला ऊन लागलं.

"तेता?"

"अरे, त्याला घाई सोसत नाही," ती म्हणाली. "ब्रगुलचाच तो."

तिने सोंगाचा वेग खाली आणला, आणखी खाली आणला, जुन्या संगणकाच्या चालीवर आणला. प्रोग्रॅम चालवला. आणि निळ्या पडद्यावर, तिने तरुणपणी एकेक अक्षर लावून काढलेली चौकट उमटली. डावीकडे यजमान, उजवीकडे पाहुणे, मधोमध घड्याळ. इतक्या वर्षांनी घरी आलेल्या माणसाने चप्पल काढता काढता 'जेवायला काय आहे' विचारावं, तसा तो हजर झाला होता.

"चाललं!" वासो ओरडला.

सगळ्यांनी माना वळवून फलकाकडे पाहिलं. फलक तसाच, गार. ना दिवा, ना भोंगा.

"तुमच्या पडद्यावर चाललं असेल," लाबुद म्हणाला. त्याचा आवाज काही वाईट नव्हता. त्याने खाडीकडे बोट दाखवलं. लांबवर, टेकडीच्या आडून, फेरीबोट बाहेर पडली होती.

"वासो, फलकाकडची केबल नीट बसवली आहेस ना?"

"अशी घट्ट बसलीय, तेता, वादळातही निघायची नाही. हातोडीच मारायची बाकी होती."

हे ऐकून तिला काहीतरी खटकलं. ती केबल कधीच घट्ट बसत नसे. उलट सामना चालू असताना निसटायची आणि मग कोणीतरी धावायचं. पण भिंतीवरच्या वाटेवर तर सगळं गाव बसलेलं, जाळी वाळत टाकलेली, पोरं पाय सोडून बसलेली. एकेकाला उठवत जायचं म्हणजे फेरी निघून जायची. तिने चपला काढल्या.

"वासो, तू इथेच बस. चाचणीचं पान उघड. मी ओरडले की तुझं नाव लिही."

"आणि तू कुठे..."

ती अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात होती. केसांतली पिन तेवढी तिने काढून दातांत धरली. याग्लिका मुलींच्या संघाची गोलरक्षक होती हे तरुण मंडळींना ऐकून माहीत होतं. पाहिलं त्यांनी त्या दिवशी. समोरच्या भिंतीला हात लावेपर्यंत हसणारे सगळे गप्प झाले होते.

बार्बा त्रिपोने तिला हात देऊन वर घेतलं. "पोरी, फलकाला काय झालं? मी तर त्याला जिवापाड जपतो."

"बघते, बार्बा."

फलकाची वीज तिने आधी बंद केली. केबल ओढली, तर निघेना. तिने पाय भिंतीला लावून ओढली तेव्हा कुठे ती करकरत सुटली. केबलच्या टोकाला दोन नंबरचं भोक बोलण्याचं आणि तीन नंबरचं ऐकण्याचं, किंवा उलट. त्याने काही बिघडत नाही. तिने केसांची पिन त्या दोन भोकांत अडकवली. म्हणजे लॅपटॉपने बोललेलं त्यालाच परत ऐकू येणार.

"वासो, लिही!"

मग पाण्यावरून आवाज आला, "आलं, तेता! मी लिहिलं तेच खाली उमटलं!"

तिने पिन काढली. "आता?"

"आता काही नाही!"

झालं. सोंग खरं होतं, कॉम सात खरं होतं, वासोचं स्वस्तातलं शेपूट खरं होतं आणि तिचा प्रोग्रॅमही खरा होता. इथपर्यंत, केबलच्या या टोकापर्यंत, सगळं बोलत होतं. मग मुकं कोण? याग्लिका वाकली आणि फलकाच्या खोबणीत डोकावली. आत बारीक पितळी पिना दिसायला हव्या होत्या. आत सुरेख, गुळगुळीत, निळाशार रंग होता. तळापर्यंत.

तिने बार्बाकडे पाहिलं. बार्बा अभिमानाने म्हणाला, "एक भोक सोडलं नाही मी. बोट अशीच रंगवायची असते. नाहीतर मीठ आत शिरतं."

ज्या माणसाला हा सामना सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता, त्याच्याच हाताने तो बंद केला होता, आणि तेही मायेने. तिने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "बार्बा, रंग फार चांगला दिलात. पण विजेला तो ओलांडता येत नाही हो."

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला की तिला बघवेना. तो खुर्चीत बसला नाही, खिशातून शीड शिवायची जाड सुई काढून लगेच खोबणीत खरवडायला लागला. पण बोटीचा रंग तो, समुद्रात टिकायला केलेला. नुसत्या सुईने काय होणार.

"थिनर पाहिजे," याग्लिका म्हणाली. "तुमच्या बोटीत आहे?"

"मे महिन्यातच संपलं."

घरून आणायचं म्हणजे पुन्हा सगळा वळसा. फेरीबोट आता एवढी जवळ आली होती की तिच्यावरची माणसं मोजता आली असती. याग्लिकाने इकडेतिकडे पाहिलं, आणि शेजारीच, श्पीरोच्या बोटीत, दोरखंडांच्या मागे, थिनरची अर्धी बाटली उभी होती.

श्पीरोने तिची नजर पाहिली आणि बाटलीपुढे पाय घेतला. "बघायचं पण नाही."

आता या खाडीत एक रीत आहे. बोटीतून बोटीत कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. भांडण असो, कोर्टात दावा असो, मागितलेलं द्यायचं. सकाळीच श्पीरोने बार्बाकडे बर्फ मागितला होता, आणि बार्बाने दातओठ खात आपल्या पेटीतला अर्धा बर्फ त्याला फोडून दिला होता. त्याच बर्फावर श्पीरोचं कलिंगड गार झालं होतं.

"श्पीरो," याग्लिका गोड आवाजात म्हणाली, "थिनर दे ना जरा."

"तू भिंतीवर उभी आहेस. भिंत म्हणजे बोट नव्हे."

बरोबरच होतं त्याचं. याग्लिका दोन पावलं मागे सरली. बार्बाची छोटी बोट तिथेच बांधलेली होती. तिने एक पाय उचलला, अख्ख्या गावाला आणि काळ्या बुटांच्या साहेबालाही दिसेल असा, आणि तो बोटीत ठेवला. मग दुसरा ठेवला. बोट डुलली.

"श्पीरो," ती म्हणाली, "थिनर दे."

भिंतीवर बसलेल्यांच्या लक्षात आलं, आणि जो हशा उसळला तो ल्यूबेशपर्यंत गेला असेल. श्पीरोने वर पाहिलं, खाली पाहिलं, कलिंगडाकडे पाहिलं. कान लाल झाले त्याचे. एक सणसणीत शिवी हासडून, बाटली उचलून, त्याने ती तिच्या हातात दिली.

"उरलेलं परत आण," तो म्हणाला.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. याग्लिका थिनर सोडायची, बार्बा सुईने एकेक पिन मोकळी करायचा. निळं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. खोबणीत पितळ चमकलं. बार्बाने सदऱ्याच्या बाहीने पुसलं, फुंकर घातली, थिनरचा वास उडेपर्यंत टोपीने वारा घातला. मागे फेरीबोट धक्क्याला लागल्याचा आवाज आला. लाबुद बॅग उचलून उभा राहिलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला.

तिने केबल बसवली. ती सैल बसली, नेहमीसारखी, जराशी डुगडुगती. वीज सुरू केली.

"वासो! चालव!"

आधी काहीच झालं नाही. लाबुदने धक्क्याकडे एक पाऊल टाकलं. मग फलकावर एक दिवा लुकलुकला, आणि सगळे दिवे एकदम पेटले, आठ-आठ, आठ-आठ, लालभडक. तिनेच लिहिलं होतं ते, जागं झाल्यावर आधी सगळे दिवे तपासून घ्यायचे असं. आणि त्यानंतर भोंगा.

ओढबोटीचा भोंगा तो. डोंगरावर आपटून परत आला. गावात जे घरी होते ते खिडक्यांत आले. भोंगा वाजला की खाडीतल्या बोटींनी उत्तर द्यायचं, हीही रीतच. धक्क्यावरच्या मासेमारी बोटींनी दिलं, नांगरलेल्या शिडाच्या बोटींनी दिलं, खुद्द फेरीबोटीनेही दिलं. ब्रगुलची पोरं एकामागून एक पाण्यात उड्या घेत होती. वासो टेबलावर चढून नाचत होता आणि याग्लिका त्याला लांबून ओरडून सांगत होती, "अरे, लॅपटॉप सांभाळ!"

बार्बा त्रिपो भिंतीवर टोपी हातात घेऊन उभा होता. रडत होता, आणि ते लपवत नव्हता.

लाबुद वाटेवरच्या माणसांमधून, जाळ्यांवरून, वळसा घालून चालत आला. बुटांना निळे डाग पडले. त्याने फलकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, पाणी निथळणाऱ्या कपड्यांकडे. "हा प्रोग्रॅम कोणत्या कंपनीचा?"

"माझा," याग्लिका म्हणाली. आयुष्यात एवढा छोटा शब्द तिने एवढ्या चवीने कधी उच्चारला नव्हता.

"सामना इथे होईल," तो म्हणाला. मग टाय सैल करत म्हणाला, "फेरी मगाशीच सुटली वाटतं. ती कॉफी अजून मिळेल का?"

याग्लिका हसली. मग थिनरची बाटली घेऊन ती श्पीरोच्या बोटीकडे वळली. सगळ्या खाडीत एकट्या त्याच्या बोटीने अजून उत्तर दिलं नव्हतं. तो तोंड फुगवून बसला होता, पण तिने बाटली पुढे केली तशी त्याने ती घेतली, एक मोठा उसासा सोडला, आणि हात लांबवून आपल्या भोंग्याची साखळी ओढली.